बाझलच्या गल्ल्यांतून, इरॅस्मसच्या प्रुफांमागे

स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात पायी फिरणाऱ्यांसाठी पाच वाटा आखून ठेवल्या आहेत आणि प्रत्येक वाटेला या शहराशी नातं असलेल्या एकेका माणसाचं नाव दिलेलं आहे. सोळाव्या शतकातला विद्वान इरॅस्मस, वैद्य पॅरासेल्सस, चित्रकार हान्स होल्बाइन, इतिहासकार याकोब बुर्कहार्ट आणि शाळामास्तर थोमास प्लाटर. बाजारचौकातून, म्हणजे मार्क्टप्लाट्झवरून निघायचं, खांबांवरच्या पाट्या बघायच्या आणि आपल्या माणसाचं डोकं ज्या दिशेला दिसेल तिकडे वळायचं. या पाचांत सगळ्यात लहान वाट इरॅस्मसची आहे, जेमतेम अर्ध्या तासाची. ती वाट मी चालले, पण तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही. शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकांनी मग आमची वेगळी वाट आखली. त्या शाळेत लॅटिन शिकवायच्या. त्यांना मी बाईच म्हणत असे. हे लिहितेय ते त्या वाटेबद्दल.

माझी मुलगी इथल्या एका औषध कंपनीत नोकरी करते, म्हणून माझा मुक्काम बाझलला. त्याआधीचं माझं आयुष्य पुण्यात छापखान्यांत गेलं. शिशाचे अक्षरखिळे हाताने जुळवण्याच्या काळात मी मुद्रितशोधक म्हणून कामाला लागले. आधी गॅली प्रूफ, मग पेज प्रूफ, मग यंत्रावर फर्मा, म्हणजे एकदम छापायच्या पानांचा संच, चढल्यावर शेवटचं मशीन प्रूफ. एकाने मूळ कॉपी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने डोळ्यांत तेल घालून प्रूफ बघायचं. इरॅस्मसचं नाव मला तोवर मानवतावादी विचारवंत, शांततेचा पुरस्कर्ता, पोपच्या चर्चविरुद्ध उठलेल्या मार्टिन ल्यूथरच्या काळातला मध्यममार्गी अशा विशेषणांसकट ठाऊक होतं. बाझलमध्ये फिरताना ती विशेषणं बाजूला पडली आणि समोर आला एक अफाट मेहनती पाठसंशोधक, छापखान्यात राहून छापखान्यासाठी काम करणारा. मला वाटतं, त्याचा खरा वारसा इथेच आहे. कितीही पवित्र, कितीही जुना मजकूर असला तरी तो मुळाशी ताडून बघता येतो, चूक दाखवता येते आणि स्वतःची चूक पुढच्या आवृत्तीत सुधारता येते. हे त्याने नुसतं सांगितलं नाही, या गल्ल्यांत बसून करून दाखवलं.

देसिडेरिअस इरॅस्मस जन्मला रॉटरडॅमला, १४६६ च्या सुमारास, एका धर्मगुरूचा अनौरस मुलगा म्हणून. आईवडील लवकर गेले, पालकांनी मठात ढकललं, तिथून बाहेर पडला तो पॅरिस, इंग्लंड, इटली असा फिरतच राहिला. १५१४ च्या ऑगस्टमध्ये तो बाझलला आला. मार्क्टप्लाट्झवरचं लालभडक नगरभवन तेव्हा नुकतंच बांधून होत आलं होतं. आज त्याच्यासमोर भाजीचे, फुलांचे, चीजचे ठेले लागतात आणि हिरव्या ट्रामगाड्या अगदी कडेने जातात. बाई म्हणाल्या, या इमारतीकडे नीट बघून घ्या, इरॅस्मसने पाहिलेल्या ज्या गोष्टी आज आपल्याला दिसणार आहेत त्यांतली ही पहिली.

तो आला त्याचं कारण एक चोरटी आवृत्ती. इरॅस्मसचा ग्रीक-लॅटिन म्हणी आणि वचनांचा संग्रह ‘अडाजिआ’ तेव्हा युरोपभर गाजत होता. १५०० साली पॅरिसला पहिल्यांदा निघाला तेव्हा त्यात आठशेच्या आसपास वचनं होती. १५०८ ला व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतिउसच्या छापखान्यात ती तीन हजारांवर गेली, आणि त्याच्या हयातीतल्या शेवटच्या आवृत्तीत ४,१५१ झाली. व्हेनिसची प्रत समोर ठेवून बाझलच्या योहान फ्रोबेनने १५१३ मध्ये तेच पुस्तक परवानगीशिवाय छापलं. लेखकाचा हक्क असा काही तेव्हा नव्हताच. इरॅस्मसने ती प्रत बघितली आणि चिडण्याऐवजी तो छपाईच्या दर्जावर खूष झाला. छापखान्यात उमेदवारी केलेल्या माणसाला हे लगेच कळेल. आपलं पुस्तक दुसऱ्याने आपल्यापेक्षा नेटकं छापलेलं पाहणं हा वेगळाच आनंद असतो.

बाजारचौकातून टोटनगेस्लाइन नावाची अरुंद पायऱ्यांची गल्ली वर चढते. टोटनगेस्लाइन म्हणजे मेलेल्यांची बोळ. वर सेंट पीटरच्या चर्चला दफनभूमी होती, प्रेतयात्रा इथून जात. गल्लीच्या खालच्या अंगाला ‘त्सुम झेसल’, म्हणजे खुर्चीचं घर. बाझलमध्ये जुन्या घरांना अशी नावं असतात आणि कित्येक घरांच्या भिंतींवर ती रंगवलेली दिसतात, सोबत घराचा पहिला उल्लेख सापडतो ते साल. या घरात फ्रोबेनचा छापखाना होता. आता तिथे औषधशास्त्राचं संग्रहालय आहे. जुन्या बरण्या, खलबत्ते, लाकडी खणांची कपाटं असं सगळं. औषधांच्या शहरात ते साहजिकच आहे. शिवाय फ्रोबेनच्या दुखऱ्या पायावर खुद्द पॅरासेल्ससने उपचार केले होते, त्यामुळे जागेशी नातंही जुळतं. पण यंत्रं कुठे होती, खिळ्यांच्या केसेस कुठे मांडल्या असतील, ओले कागद कुठे वाळत घालत असतील याचा अंदाज घेत मी त्या अंगणात बराच वेळ उभी होते. अंगण लहान आहे. अशा जागेत दोन-तीन यंत्रं एकदम चालू असताना कान किटले असणार.

इरॅस्मस इथे कसा शिरला ते त्यानेच एका पत्रात लिहून ठेवलं आहे. त्याने फ्रोबेनला आपली ओळख इरॅस्मसचा जवळचा मित्र अशी करून दिली. इरॅस्मसचं पुस्तक छापण्याची सगळी बोलणी करायचा अधिकार मला आहे, मी ठरवीन ते त्याने ठरवल्यासारखंच समजा, आम्ही दिसायलाही इतके सारखे आहोत की एकाला पाहिलं म्हणजे दुसऱ्याला पाहिलं. मग उलगडा झाला, हशा झाला, आणि फ्रोबेनच्या सासऱ्याने खानावळीतलं इरॅस्मसचं सगळं बिल चुकतं करून त्याला घोड्यांसकट, सामानासकट घरी आणलं. बाईंनी हा प्रसंग पायऱ्यांवर उभं राहून सांगितला तेव्हा वरून उतरणारी दोन शाळकरी मुलंही थांबून ऐकायला लागली.

या घरात त्या वर्षांत कोण कोण होतं! छापखान्याचा जुना मालक योहान्स आमेरबाख वारला होता, पण त्याचे ग्रीक-हिब्रू शिकलेले मुलगे होते. बेआटुस रेनानुस, ओएकोलाम्पाडिउस असे विद्वान होते. होल्बाइन बंधू पोरसवदा वयात इथे मुखपृष्ठांच्या चौकटी काढत होते. इरॅस्मसचं ‘मूर्खपणाची स्तुती’ हे पुस्तक फ्रोबेनने १५१५ मध्ये छापलं, आणि त्याच्या एका प्रतीच्या समासात होल्बाइन भावांनी शाईने चित्रं काढली. त्यात इरॅस्मसचंही एक आहे, टेबलाशी बसलेला, अगदी तरुण. ते पाहून तो म्हणाला म्हणे की इरॅस्मस अजून असा दिसत असता तर त्याने आज लग्न केलं असतं. ती प्रत आजही बाझलच्या कलासंग्रहालयात जपलेली आहे.

आता १५१६. या वाटेवरचं सगळ्यात मोठं काम याच घरात झालं. बायबलचा उत्तरार्ध, म्हणजे नवा करार, मूळ ग्रीकमध्ये लिहिलेला होता, पण पश्चिम युरोपात हजारएक वर्षं तो लॅटिन भाषांतरातूनच वाचला जात होता. ग्रीक मजकूर छापून बाजारात आलेला नव्हता. स्पेनमध्ये एका मोठ्या ग्रंथासाठी तो छापून झाला होता, पण प्रकाशित व्हायचा होता. फ्रोबेन आणि इरॅस्मसने घाई केली. १५१५ च्या शरदात फर्मे यंत्रावर चढायला लागले आणि पुढच्या वर्षाच्या मार्चपर्यंत हजारेक पानांचा ग्रंथ हातावेगळा झाला. एका रकान्यात ग्रीक, शेजारी इरॅस्मसचं सुधारलेलं लॅटिन, मागे टिपा. ओएकोलाम्पाडिउस आणि निकोलाउस गेर्बेल प्रुफं वाचत होते. एका बाजूने मजकूर तयार होतोय, दुसऱ्या बाजूने जुळारी तो मागतोय, तिसरीकडे छापलेल्या पानांत मुद्राराक्षस हसतोय. दिवाळी अंकांच्या हंगामात हे सगळं मी अनुभवलेलं आहे, पण तिथे दोन पानी कथा असायची. इथे युरोपचा धर्मग्रंथ होता. ग्रंथ संपादित करण्यापेक्षा घाईने उरकला गेला, हे इरॅस्मसने पुढे स्वतःच कबूल केलं.

कॉपी, म्हणजे छापायचा मूळ मजकूर, कुठून आली, हे बघायला आम्ही वर चढून पुढे प्रेडिगरकिर्शेला गेलो. हे डॉमिनिकन संन्याशांच्या मठाचं चर्च. नेहमीच्या वाटेपासून थोडं दूर, हॉस्पिटलजवळ, त्यामुळे पर्यटक फारसे येत नाहीत. इथल्या दफनभूमीच्या भिंतीवर ‘मृत्यूचा नाच’ हे भलंमोठं चित्र होतं. १८०५ मध्ये भिंत पाडली, आता रस्त्याला तेवढं नाव उरलं आहे. १४३१ ते १४४९ या काळात बाझलला चर्चची मोठी परिषद भरली होती. तिच्यासाठी आलेल्या रागूसाच्या योहानने कॉन्स्टँटिनोपलहून ग्रीक हस्तलिखितं आणली आणि ती या मठाला दिली. सत्तर वर्षं ती इथे पडून होती. इरॅस्मसने मुख्यतः तीच वापरली. त्यांतलं एक, येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांचं, आज इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. त्याच्या पानाचं छायाचित्र मी पाहिलं. काही शतकांपूर्वीचं सुबक ग्रीक अक्षर, आणि ओळींच्या मधे, समासात इरॅस्मसच्या हातच्या दुरुस्त्या. म्हणजे नक्कल करून न घेता त्याने ते हस्तलिखितच कॉपी म्हणून जुळाऱ्यांच्या हातात दिलं! आजचा कुठलाही संग्रहपाल हे ऐकून हादरेल. पण माझी नजर त्या खुणांवरून हलेना. काट मारून वर लिहिणं, दोन ओळींमधल्या फटीत शब्द बसवणं, जुळाऱ्याला कळेल अशी खूण करणं. आम्ही लाल शाईने करायचो ते हेच.

एका हस्तलिखिताचं शेवटचं पानच नव्हतं. नव्या कराराच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या ग्रंथातली अखेरची वचनं ग्रीकमध्ये हाताशी नव्हती, तेव्हा इरॅस्मसने लॅटिनवरून ती परत ग्रीकमध्ये आणून जागा भरली. मुद्रितशोधकाच्या धर्मात हे बसत नाही. हरवलेला मजकूर अंदाजाने भरायचा नसतो, जागा मोकळी सोडून समासात प्रश्नचिन्ह टाकायचं असतं. बाईंचं मत वेगळं होतं. त्या म्हणाल्या, यंत्र थांबलं असतं तर फ्रोबेनचा खर्च कोणी भरला असता? आम्ही दोघी यावर प्रेडिगरकिर्शेच्या दारात बराच वाद घालत होतो. मी माझ्या मतावर ठाम आहे.

उलट दुसऱ्या एका बाबतीत तो माझ्या मनात फार उंच गेला. नव्या करारातल्या योहानच्या पहिल्या पत्रात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या एकत्वाचं एक वाक्य लॅटिन प्रतींमध्ये होतं, पण इरॅस्मसला ते एकाही ग्रीक प्रतीत सापडलं नाही. त्याने ते १५१६ च्या आवृत्तीत घातलं नाही, १५१९ च्याही नाही. गहजब झाला. हा त्रैक्य नाकारतो, पाखंडी आहे, अशी ओरड झाली. पुढे ते वाक्य असलेली एक ग्रीक प्रत पुढे करण्यात आली, तेव्हा १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ते घेतलं, पण ही प्रत लॅटिनवरून दुरुस्त केलेली असावी असा संशय टिपेत नोंदवून. दबाव होता, तो झुकला, पण कागदावर संशय ठेवून झुकला. १५२७ आणि १५३५ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पाचही बाझलच्या, पाचही याच घराण्याच्या छापखान्यातल्या. आणि प्रत्येकीत आधीच्या चुका दुरुस्त केलेल्या.

मराठी माणसाला इथे एकनाथ आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्याच शतकात, शके १५०६ मध्ये म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. मूळ ग्रंथ शुद्धच आहे, पाठांतराने अशुद्ध झाला, तो शोधून पुन्हा शुद्ध केला, हे त्यांनी स्वतः ओव्यांत सांगितलं आहे. त्यानंतर जो यात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा, असंही बजावलं. नाथांनी काम पुरं करून दार लावून घेतलं. इरॅस्मसने दार उघडं ठेवलं, स्वतःसाठी आणि इतरांसाठीही. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीवरून ल्यूथरने नव्या कराराचं जर्मन भाषांतर केलं, ते १५२२ मध्ये छापून निघालं.

सेंट पीटरच्या चर्चमध्ये फ्रोबेनचा स्मृतिलेख आहे, लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू अशा तीन भाषांत. १५२७ मध्ये फ्रोबेन गेला. इरॅस्मसने त्याच्यावर लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. आपल्या सख्ख्या भावाचं जाणं मी सोसलं, पण फ्रोबेनची उणीव सोसवत नाही, असं तो लिहितो. लेखकाने छापणाऱ्याबद्दल इतक्या जिव्हाळ्याने लिहिलेलं माझ्या वाचनात क्वचितच आलं आहे. बाईंनी लॅटिन भाग मोठ्याने वाचून दाखवला. अर्थ सांगितला, मी ऐकत होते, पण डोळे दगडावरच्या अक्षरांवर होते. तीन लिप्या एका दगडावर बसवणाऱ्या त्या पाथरवटाचंही कौतुक वाटलं. तीन लिप्यांचे टाइप बाळगणाऱ्या छापखानदाराला हा असाच स्मृतिलेख शोभतो.

तिथून नाडेलबेर्ग. ही माझी बाझलमधली सगळ्यात आवडती गल्ली. चढावर, शांत, दोन्ही बाजूंना जुनी उंच घरं, पायाखाली गुळगुळीत दगड. (हे दगड पावसात घसरतात. साध्या चपला घालून इथे येऊ नका.) १७ नंबरच्या घराचं नाव ‘त्सुर आल्टन ट्रॉय’. इरॅस्मस १५२१ च्या अखेरीस पुन्हा बाझलला राहायला आला आणि या घरात त्याने वर्षानुवर्षं काम केलं. त्याला बंद जर्मन शेगडीची उष्णता आणि वास सहन होत नसे, उघड्या चुलाण्यासमोरच बसायला लागे. फ्रोबेनकडच्या लोकांनी त्याची ही सोय कटाक्षाने पाहिली.

या शेगडीवरून घडलेली एक गोष्ट मला खुपते. उलरिश फॉन हुटेन हा ल्यूथरचा बंडखोर साथीदार, एकेकाळचा इरॅस्मसचा चाहता, १५२२ च्या शेवटी आजारी, कफल्लक आणि परागंदा होऊन बाझलला आला. त्याला इरॅस्मसला भेटायचं होतं. इरॅस्मस भेटला नाही. हुटेनला शेगडीशिवाय बसवत नाही आणि मला शेगडीजवळ बसवत नाही, असं कारण पुढे आलं. हुटेनने त्याच्यावर जळजळीत लिहिलं, इरॅस्मसनेही तसंच उत्तर दिलं, आणि ते छापून येईपर्यंत हुटेन वारला होता. कोणाच्याही गटात ओढलं जायचं नाही हा इरॅस्मसचा निश्चय मी समजू शकते. तो काळच असा होता की एका भेटीवरून माणसावर शिक्का बसे. तरीही मरायला टेकलेल्या ओळखीच्या माणसाला अर्धा तास द्यायला हवा होता. बाई यावर काही बोलल्या नाहीत, नुसती मान हलवली.

१५२४ मध्ये माणसाच्या स्वतंत्र इच्छेवर त्याने ल्यूथरविरुद्ध पुस्तक लिहिलं. तिथून ल्यूथरवाले आणि जुनं चर्च अशा दोन्ही बाजूंना तो परका झाला. फेब्रुवारी १५२९ मध्ये बाझलच्या जमावाने चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं फोडली, जाळली, आणि शहर सुधारणावादी, म्हणजे प्रॉटेस्टंट, झालं. इरॅस्मस एप्रिलमध्ये राइनवरच्या पुलाजवळून नावेत बसून फ्रायबुर्गला निघून गेला. आजचा मिट्लेरे ब्र्यूके हा पूल १९०५ चा आहे, पण जागा तीच, तेराव्या शतकापासूनची. तिथे आम्ही फार रेंगाळलो नाही. सायकली आणि गर्दी फार.

सहा वर्षांनी तो परत आला. नगरभवनाकडून वर कॅथेड्रलकडे जाताना बॉइमलाइनगासे लागते. तिथल्या १८ नंबरच्या घरात, ‘त्सुम लुफ्ट’मध्ये, फ्रोबेनच्या मुलाकडे, हिएरोनिमुसकडे तो उतरला. त्याच्यासाठी चुलाण्याची खोली मुद्दाम तयार करवली होती. संधिवाताने हात-पाय आखडले होते, तरी ओरिजेन या प्राचीन ख्रिस्ती लेखकाच्या ग्रंथांचं संपादन चालू होतं. १२ जुलै १५३६ च्या आधीच्या रात्री तो गेला. याच घरात पुढे कित्येक वर्षं जुन्या दुर्मिळ पुस्तकांचं दुकान होतं, इरॅस्मसच्याच नावाचं.

इथे मला त्याच्या मृत्युपत्राबद्दल सांगायचं आहे. विचारवंताचा वारसा म्हटलं की आपण कल्पनांबद्दल बोलतो, पण इरॅस्मसने पैसाही ठेवला होता. पुस्तकांतून, मानधनांतून, सरदारांच्या देणग्यांतून त्याच्याकडे बऱ्यापैकी जमलं होतं. फेब्रुवारी १५३६ च्या मृत्युपत्रात त्याने मित्र बोनिफाकिउस आमेरबाखला वारस नेमलं आणि रक्कम कोणासाठी ते लिहिलं: म्हातारे आणि दुबळे गरीब, लग्नाच्या वयाच्या गरीब मुली, होतकरू विद्यार्थी. आमेरबाख कायद्याचा प्राध्यापक होता. त्याने हा निधी इतक्या चोख सांभाळला की त्यातून पुढे कित्येक वर्षं विद्यार्थी शिकले. त्याने ठेवलेले हिशेब अजून जपलेले आहेत. छापखान्याच्या अंगणात वाढलेल्या मुलाने लेखकाच्या पैशाचा असा हिशेब ठेवावा, हे मला फार भावतं. लेखकांची मानधनं बुडवल्याच्या कहाण्या या धंद्यात मी थोड्या ऐकलेल्या नाहीत.

कॅथेड्रल, म्हणजे म्युन्स्टर, लाल वालुकाश्माचं. आत डाव्या अंगाच्या बाजूच्या दालनात इरॅस्मसचा स्मृतिलेख आहे, लालसर संगमरवराचा, वर त्याचं बोधचिन्ह टेर्मिनुस, रोमन लोकांचा सीमेचा देव. ‘मी कोणालाही वाट देत नाही’ हे त्याचं ब्रीद. लोकांनी यावरून त्याला गर्विष्ठ म्हटलं, तेव्हा हे मृत्यूचे शब्द आहेत, माझे नव्हेत, असा खुलासा त्याने केला. या लेखापेक्षा मला विचार करायला लावलं ते तो इथे आहे याने. तो कॅथलिक धर्मगुरू म्हणूनच मेला. शहर सुधारणावादी झालेलं, मूर्ती फुटून सात वर्षं झालेली. तरी विद्यार्थ्यांनी त्याला खांद्यावरून आणलं, महापौर आणि प्राध्यापक अंत्ययात्रेला आले आणि शहराने आपल्या मुख्य चर्चमध्ये जागा दिली. उलट त्याच्या स्वतःच्या चर्चने १५५९ मध्ये, पोप चौथ्या पॉलच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत, त्याचं झाडून सगळं लेखन टाकलं.

चर्चच्या मागे फाल्ट्स हा सज्जा आहे. खाली राइन आणि तारेला बांधलेली, निव्वळ प्रवाहाच्या जोरावर पलीकडे जाणारी होडी. मुलीचा फोन तिथेच आला. “आई, दोन वाजले, जेवलात की नाही दोघी?” आम्ही बाकावर बसून डबे उघडले. थालीपिठं बाईंनाही आवडली.

जेवणानंतर बाई घरी गेल्या आणि मी एकटीच पुढे निघाले. कलासंग्रहालयात होल्बाइनने १५२३ मध्ये काढलेला इरॅस्मस आहे, एका बाजूने दिसणारा, लिहीत असलेला. डोळे खाली, ओठ घट्ट मिटलेले, डाव्या हाताने कागद दाबून धरलेला, बोटांत अंगठ्या. कागदावर मार्कच्या शुभवर्तमानावरच्या त्याच्या भाष्याची सुरुवात आहे. त्याची इतर चित्रंही मोठी आहेत, पण काम चालू असलेला इरॅस्मस हाच. बोनिफाकिउस आमेरबाखने आणि त्याच्या मुलाने जमवलेला संग्रह १६६१ मध्ये शहराने आणि विद्यापीठाने मिळून विकत घेतला, त्यातूनच हे संग्रहालय उभं राहिलं. इथे सावकाश बसावं. माझ्याकडे वेळ कमी होता.

शेवटचा टप्पा सेंट आल्बानच्या खोऱ्यातली कागदाची गिरणी. पंधराव्या शतकापासून बाझलमध्ये कागद होतो. परिषदेच्या काळात कागदाची मागणी वाढली, आणि कागद होता म्हणून छापखाने आले. पाटाच्या पाण्यावर चाक फिरतं, चिंध्या कुटल्या जातात, वरच्या मजल्यांवर खिळे ओतणं, जुळवणं, छापणं दाखवतात. एका कारागिराला मी सांगितलं की मी भारतात छापखान्यात होते. त्याने काही न बोलता खिळे जुळवायची स्टिक हातात दिली. शिशाचा तोच थंडपणा, तेच वजन. अंगठ्याने खिळ्याची खाच चाचपायची, म्हणजे अक्षर सुलटं बसलं की उलटं ते न बघता कळतं, हे हाताला अजून आठवत होतं. त्यांच्या केसमध्ये शंभर-सव्वाशे खण. देवनागरीला जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या धरून कित्येकशे खण लागायचे, चार-चार केसेस मांडून जुळारी उभा असायचा. हे त्याला सांगितलं तेव्हा त्याने कागद पुढे केला आणि लिहून दाखवायला सांगितलं. मी ‘क्ष्म’ लिहिलं, त्याचे तुकडे कसे बसायचे तेही काढून दाखवलं. त्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला.

बाझलला येणाऱ्या मराठी मंडळींची संख्या वाढतेय, बहुतेक जण औषध कंपन्यांत किंवा माहिती-तंत्रज्ञानात. आईवडील आले की त्यांना ल्युत्सेर्न आणि युंगफ्राउ दाखवलं जातं. एक दिवस या वाटेसाठी काढा. सोमवार टाळा, संग्रहालयं बंद असतात. चर्चच्या उघडण्याच्या वेळा आधी बघून ठेवा, विशेषतः सेंट पीटरच्या. गुडघे दुखत असतील तर टोटनगेस्लाइन चढू नका, वर सेंट पीटरपाशी जाऊन तिथून खाली उतरा. आणि जमलं तर क्रम उलटा करा: आधी कागदाची गिरणी, मग गल्ल्या. कागद आणि खिळे हातात घेतल्यानंतर फ्रोबेनचं अंगण बघितलं की तिथे काय काय चाललं असेल हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.